एकाच समुद्रासाठी दोन शाळा कशाला?

व्हाइस अ‍ॅडमिरल रामदास कटारी २२ एप्रिल १९५८ रोजी नौदलप्रमुख झाले. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय. त्यांचं दर्यावरचं शिक्षण मात्र नौदलाच्या शाळेत झालं नव्हतं. मुंबई बंदरात नांगरून ठेवलेल्या ‘डफरिन’ या प्रशिक्षण नौकेवर १९२७ साली पहिली तुकडी दाखल झाली, तिच्यात ते होते. आणि डफरिनचं काम होतं व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवण्याचं. तिथून बाहेर पडल्यावर कटारी हुगळी नदीच्या सर्वेक्षणाच्या कामाला लागले. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते राखीव स्वयंसेवक दलातून नौदलात आले आणि वीस वर्षं पुरी व्हायच्या आत सर्वोच्च पदावर पोचले.

आज ही वाट फार अरुंद झाली आहे. बारावीनंतर एखाद्या मुलानं वा मुलीनं नौदल निवडलं तर रस्ता केरळातल्या एझिमला इथल्या भारतीय नौदल अकादमीकडे जातो. मर्चंट नेव्ही निवडली तर भारतीय सागरी विद्यापीठाकडे किंवा एखाद्या खासगी संस्थेकडे. एक संरक्षण मंत्रालयाखाली, दुसरं जहाजवाहतूक मंत्रालयाखाली. दोघंही तेच समुद्रशास्त्र शिकतात, तेच टक्कर टाळण्याचे नियम पाठ करतात, इंजिनाचं तेच गणित सोडवतात. पण पदवी हातात पडेपर्यंत एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. पुढे दोघंही त्याच पाण्यात जहाज हाकतात आणि तिथे त्यांची गाठ पडते ती बहुधा संकटाच्या वेळी.

मला वाटतं, आपल्याला नौदलाचं असं विद्यापीठ हवं, जिथे गणवेशातले छात्र आणि नागरी विद्यार्थी एकाच वर्गात बसतील. काही अटींवर हवं, आणि त्या अटी मी सोडायला तयार नाही. पण हवं.

अशी विद्यापीठं जगात आहेत आणि बरीच जुनी आहेत. काळ्या समुद्राच्या काठावर बल्गेरियातल्या वार्ना शहरात निकोला वाप्त्सारोव्ह नौदल अकादमी आहे. १८८१ साली डॅन्यूबकाठच्या रुसे गावात ती सुरू झाली, १९०० मध्ये वार्नाला आली. आज तिथे नौदलाचे भावी अधिकारी शिकतात आणि व्यापारी जहाजांवर जाणारे नागरी विद्यार्थीही. ज्यांचं नाव ती मिरवते ते वाप्त्सारोव्ह कोणी सेनानी नव्हते. ते वार्नाच्याच सागरी यंत्रशाळेत शिकलेले कवी होते. १९४२ साली त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. नौदलाच्या अकादमीला कवीचं नाव, ही गोष्ट मला मनापासून आवडते. थोडं वर, उत्तरेला, रुमानियातल्या कॉन्स्टान्त्सा बंदरात मिर्चा चेल बत्रिन नौदल अकादमी आहे. तिची परंपरा १८७२ पासूनची आणि तिथेही नागरी व लष्करी विद्यार्थी दोन्ही. पोलंडची कहाणी जास्त बोलकी आहे. तिथे व्यापारी नौवहनाची शाळा १९२० साली त्चेव इथे निघाली आणि नौदलाची १९२२ साली तोरूनला, म्हणजे मुळातच दोन वेगळ्या शाळा. दोन्ही पुढे ग्डिनियात आल्या, दोन्ही विद्यापीठाच्या दर्जाला पोचल्या, आणि आज नौदलाच्या अकादमीतही नागरी विद्यार्थी प्रवेश घेतात.

शीतयुद्ध संपल्यावर या देशांची नौदलं आकसली, छात्र कमी झाले, मोठाल्या इमारती आणि प्रयोगशाळा ओस पडायची वेळ आली, म्हणून दारं उघडली गेली, असा आक्षेप यावर घेतला जातो. त्यात तथ्य आहेच. पण निकड म्हणून केलेली गोष्ट पुढे शहाणपणाची ठरू शकते. २०२२ साली युक्रेनवर आक्रमण झालं आणि काळ्या समुद्रात सुटलेले पाणसुरुंग तरंगत फिरू लागले. धान्य घेऊन निघालेली व्यापारी जहाजं रुमानिया आणि बल्गेरियाच्या किनाऱ्याला चिकटून जाऊ लागली. जानेवारी २०२४ मध्ये तुर्कस्तान, रुमानिया आणि बल्गेरियानं सुरुंग शोधण्यासाठी संयुक्त पथक उभारण्याचा करार केला. सुरुंग काढणारा नौदलाचा अधिकारी आणि त्याच पाण्यातून गव्हाचं जहाज नेणारा नागरी अधिकारी, या दोघांनी एकमेकांच्या कामाची भाषा आधीच ऐकलेली असणं ही त्या किनाऱ्यावर चैन राहिली नव्हती.

ही भाषा ठाऊक नसली तर काय होतं, ते नॉर्वेत दिसलं. ८ नोव्हेंबर २०१८ ची पहाट. ‘सोला टीएस’ हा कच्च्या तेलानं भरलेला टँकर स्टुरे इथल्या टर्मिनलवरून नुकताच निघाला होता. डेकवर माणसं आवराआवर करत होती, म्हणून डेकचे दिवे चालूच होते. समोरून नॉर्वेच्या नौदलाची ‘हेल्गे इंगस्टाड’ ही फ्रिगेट प्रकारची युद्धनौका सुमारे १७ नॉट वेगानं येत होती. जहाजाची ओळख आजूबाजूच्या जहाजांना आपोआप कळवणारी यंत्रणा, एआयएस, तिच्यावर फक्त ऐकण्यापुरती चालू होती. स्वतःचं नाव ती सांगत नव्हती. फ्रिगेटच्या ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज हाकण्याच्या कक्षातल्या, मंडळींना टँकरचे झगझगीत दिवे किनाऱ्यालगतच्या एखाद्या स्थिर वस्तूचे वाटले. टँकरवरच्यांना समोरून येणारं हे जहाज कोणतं तेच कळेना. अखेर नाव कळलं, रेडिओवरून ‘उजवीकडे वळा’ असं सांगितलं गेलं. फ्रिगेटला वाटत होतं, उजवीकडे तर ती स्थिर वस्तू आहे, आत्ताच वळलो तर तिच्यावरच जाऊ. चार वाजून एक मिनिटानं धडक झाली. फ्रिगेटवरचे सगळे १३७ जण वाचले. फ्रिगेट गेली.

नॉर्वेच्या अपघात तपास मंडळानं नंतर जे लिहिलं ते प्रत्येक नौदलानं भिंतीवर लावावं असं आहे. जाणत्या नाविक अधिकाऱ्यांची टंचाई असल्यानं तरुणांना पूर्वीपेक्षा लवकर वॉचची, म्हणजे ब्रिजवर पहाऱ्याची जबाबदारी घेण्याची, परवानगी मिळत होती, त्यांच्या गाठीला अनुभव कमी होता, आणि अशा कमी अनुभवाच्या अधिकाऱ्यांवरच ब्रिजवर इतरांना शिकवण्याची जबाबदारी पडत होती. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकन नौदलालाही असाच तडाखा बसला होता. जून २०१७ मध्ये ‘फिट्झजेराल्ड’ ही विनाशिका एका मालवाहू जहाजावर आदळली, ७ नौसैनिक गेले. ऑगस्टमध्ये सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ एका टँकरवर आदळली, १० गेले. याच नौदलानं २००३ मध्ये नव्या अधिकाऱ्यांचं वर्गातलं प्रशिक्षण आखडून त्यांच्या हाती सीडींचा संच दिला होता. बाहेर रेडिओवर जे बोलणं होतं आणि रडारवर जे ठिपके दिसतात ते बहुतेक व्यापारी जहाजांचे असतात, आणि ती जहाजं कशी विचार करतात हे त्या ब्रिजवर फार थोड्यांना ठाऊक होतं.

या अपघातांचं सगळं खापर वेगळ्या शाळांवर फोडता येणार नाही. थकवा होता, माणसं कमी होती, यंत्रांची मांडणी गोंधळात टाकणारी होती. पण एक गोष्ट त्यातून स्वच्छ दिसते. व्यापारी अधिकाऱ्याचं शिक्षण आंतरराष्ट्रीय कराराच्या चौकटीत बसवलेलं आहे. १९७८ च्या एसटीसीडब्ल्यू करारानं किती महिने समुद्रावर काढायचे, कोणती कौशल्यं तपासून घ्यायची, हे ठरवून दिलं आणि १९९५ व २०१० मध्ये ते आणखी घट्ट केलं. युद्धनौका या करारातून वगळलेल्या आहेत. टक्कर टाळण्याचे १९७२ चे नियम मात्र दोघांनाही सारखेच लागू. नियम एक, आणि ते अंगवळणी पाडण्याच्या पद्धती दोन. नौदलाचा छात्र शस्त्रं, डावपेच, नेतृत्व यांत दिवस घालवतो तेव्हा व्यापारी कॅडेट महिनोन्महिने ब्रिजवर उभा राहून गर्दीच्या सामुद्रधुनीतून जहाज कसं काढायचं ते पाहत असतो. दोघांकडेही दुसऱ्याला देण्यासारखं काहीतरी असतं. देवाणघेवाण व्हायला निदान ओळख तरी हवी.

आपल्याकडे ही ओळख नसण्याची किंमत कळायला तारखा पुरेशा आहेत. भारतीय सागरी विद्यापीठ १४ नोव्हेंबर २००८ रोजी अस्तित्वात आलं. एझिमलाच्या अकादमीचं उद्घाटन ८ जानेवारी २००९ रोजी झालं. दोन महिनेही नाहीत मध्ये. सागरी शिक्षणाच्या दोन मोठ्या राष्ट्रीय संस्था एकाच हंगामात उभ्या राहिल्या आणि त्यांच्यात पूल बांधावा असं कोणाला सुचलं नाही. त्याच दोन महिन्यांत २६ नोव्हेंबर आला. ‘कुबेर’ नावाची मच्छीमार बोट पळवून दहा जण मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले. समुद्रावर कोण कोणाला ओळखतं, कोणी कोणाला काय कळवायचं, हे प्रश्न त्यानंतर आपण मोठ्या आवाजात विचारले. उत्तरादाखल केंद्रं निघाली, रडार बसले, २०१८ मध्ये गुरुग्रामला हिंदी महासागरातल्या व्यापारी जहाजांच्या हालचालींवर लक्ष ठेवणारं माहिती केंद्र आलं. शिक्षणाकडे कोणी वळून पाहिलं नाही.

आणि गरज तर दर महिन्याला दिसते आहे. २६ जानेवारी २०२४ च्या रात्री एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या टँकरवर क्षेपणास्त्र पडलं. जहाजात नाफ्था भरलेला, वर आग. जहाजाचा झेंडा मार्शल बेटांचा, पण खलाशी २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. ‘आयएनएस विशाखापट्टणम’नं आग विझवणाऱ्या १० जणांचं पथक धाडलं. नौदलाचे जवान आणि जहाजावरचे खलाशी खांद्याला खांदा लावून सहा तास झुंजले तेव्हा आग आटोक्यात आली. मार्चमध्ये ‘आयएनएस कोलकाता’नं आणि हवेतून उतरलेल्या नौदलाच्या मार्कोस कमांडोंनी ‘रुएन’ हे जहाज चाच्यांच्या तावडीतून सोडवलं. ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप बाहेर पडले. ते जहाज वार्नाच्या कंपनीचं.

कोणी म्हणेल, शाळा वेगळ्या असूनही हे जमलंच ना? जमलं, आणि त्या माणसांना माझा सलाम आहे. आग विझवणं, जहाजावर चढाई करणं, यांची तालीम दोन्हीकडे उत्तम होते. अवघड असतं ते त्याच्या आधीचं. तांबड्या समुद्रात शिरताना एआयएस चालू ठेवायचं की बंद? चालू ठेवलं तर हल्लेखोरांना जहाज दिसतं. बंद केलं तर आजूबाजूच्या जहाजांना आणि मदतीला येणाऱ्या युद्धनौकेलाही दिसत नाही. हा निर्णय नागरी कप्तान घेतो, त्यावर मालकाचा आणि विमा कंपनीचा दाब असतो, आणि त्या निर्णयाचे परिणाम नौदलाच्या ऑपरेशन्स रूममध्ये उमटतात. असे प्रश्न वयाच्या विशीत, एका टेबलाभोवती, दोन्ही बाजूंनी भांडून सोडवायला शिकायचे असतात. विद्यापीठ त्यासाठीच असतं.

आता आक्षेपांकडे. गुप्ततेचा मुद्दा नेहमी पहिला येतो आणि तो मला सगळ्यात कच्चा वाटतो. उष्मागतिकी गुप्त नाही, जहाजाचं स्थैर्य गुप्त नाही, हवामानशास्त्र, समुद्री कायदा, तारे पाहून जागा काढणं, यांतलं काहीच गुप्त नाही. क्षेपणास्त्रं, सोनार, सांकेतिक संदेश हे सगळं अधिकारी झाल्यावर नौदलाच्या खास तळांवर शिकवलं जातं आणि तिथे नागरी विद्यार्थ्यानं पाऊल टाकायचा प्रश्नच नाही. शिवाय आपण हे थोड्या प्रमाणात करतोच आहोत. गोव्यातल्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्थेत नौदलाचे अधिकारी, बंदरांची माणसं आणि मित्रदेशांचे प्रशिक्षणार्थी समुद्राचा तळ मोजायला एकत्र शिकतात. पुण्याच्या गिरिनगरमधल्या प्रगत संरक्षण तंत्रज्ञान संस्थेत तिन्ही दलांचे अधिकारी आणि नागरी विद्यार्थी एम.टेक.च्या एकाच वर्गात असतात. त्यानं देशाची सुरक्षा ढासळली नाही.

शिस्तीचा आक्षेप त्याहून थोडा जड आहे. पहाटेच्या कवायतीला जाणारा छात्र आणि रात्री जागून सकाळी उशिरा उठणारा विद्यार्थी एका आवारात कसे राहणार? खरं तर व्यापारी कॅडेटही गणवेश घालतो, त्यालाही वॉच असते, त्याच्याही जहाजावर हुकमाची उतरंड असते. वसतिगृहं वेगळी ठेवा, कवायत छात्रांपुरती ठेवा, वर्ग आणि सिम्युलेटर एक करा. एवढ्यानं भागतं.

मला खरी धास्ती वाटते ती दुसऱ्या दोन गोष्टींची.

पहिली, पैसा. नागरी विद्यार्थी फी भरतो, छात्राचा खर्च सरकार करतं. एकदा का संस्थेच्या लक्षात आलं की नागरी जागा वाढवल्या की तिजोरी भरते, मग त्या वाढतच जातात. प्राध्यापक तेवढेच, सिम्युलेटरवरचे तास तेवढेच, जहाजावरच्या प्रशिक्षणाच्या जागा तेवढ्याच. मग नागरी विद्यार्थी दुय्यम नागरिक होतो. त्याला नौदलाच्या नावाचा शिक्का मिळतो, समुद्र मिळत नाही. भारतात मर्चंट नेव्हीच्या नावावर पालकांकडून लाखो रुपये घेऊन मुलांना जहाज न मिळवून देणाऱ्या संस्थांचं पीक आधीच आलेलं आहे. कर्ज काढून कोर्स केलेली आणि डेकवर एकदाही पाय न ठेवलेली मुलं किनाऱ्याकिनाऱ्यानं भेटतात. नौदलाच्या विद्यापीठानं त्या रांगेत बसता कामा नये. प्रशिक्षणासाठी जहाजावर जेवढ्या जागांची खात्री देता येईल तेवढ्याच नागरी जागा, एकही जास्त नाही. ही अट कायद्यात लिहिलेली हवी, प्रवेशपुस्तिकेत नव्हे.

दुसरी गोष्ट, मोकळेपणा. विद्यापीठाचा प्रमुख गणवेशातला असेल तर नागरी प्राध्यापकानं त्याच्या मताविरुद्ध लिहायचं की नाही? नागरी विद्यार्थिनीला तक्रार करायची झाली तर ती कोणाकडे? अमेरिकेतल्या अ‍ॅनापोलिस इथल्या १८४५ सालच्या नौदल अकादमीत निम्म्याच्या आसपास प्राध्यापक नागरी आहेत, शैक्षणिक प्रमुखही नागरी. इतकं असूनही एप्रिल २०२५ मध्ये वरून आलेल्या आदेशावरून तिथल्या ग्रंथालयातली ३८१ पुस्तकं कपाटांवरून काढण्यात आली. बहुतेक पुढे परत ठेवली गेली, पण व्हायचं ते होऊन गेलं. हुकूम पाळणं हा सैनिकाचा धर्म आहे आणि हुकुमाला प्रश्न विचारणं हे विद्यापीठाचं काम. दोन्ही एका छपराखाली नांदवायची तर शैक्षणिक परिषदेत नागरी प्राध्यापकांचं बहुमत, नेमणुकांना संरक्षण आणि नागरी विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी गणवेशाबाहेरची यंत्रणा, हे सगळं संस्थेच्या जन्माबरोबरच हवं. नंतर देऊ म्हटलेलं मिळत नसतं.

हे जमू शकतं याचा इतिहासात एक सुंदर दाखला आहे. १७७० साली चेश्मे इथे रशियन आरमारानं ऑटोमन आरमार जाळून टाकलं. त्या पराभवानंतर १७७३ मध्ये इस्तंबूलच्या गोदीत आरमारासाठी गणित आणि अभियांत्रिकी शिकवणारी शाळा निघाली. आज तुर्कस्तानची नौदल अकादमी आपला वंश त्या शाळेपर्यंत नेते, आणि देशातलं अग्रगण्य नागरी अभियांत्रिकी विद्यापीठ, इस्तंबूल तांत्रिक विद्यापीठ, तेही तिथपर्यंतच नेतं. एका मुळाला दोन फांद्या फुटल्या आणि दोन्ही वाढल्या.

नागरी विद्यार्थ्यावर सरकारनं का खर्च करावा, तो तर उद्या परदेशी कंपनीच्या जहाजावर जाणार, असंही विचारलं जाईल. जाऊ दे. युद्ध पेटतं तेव्हा नौदलाला व्यापारी जहाजं आणि व्यापारी माणसं लागतातच. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटननं भाड्यानं घेतलेलं ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे मालवाहू जहाज एक्झोसेट क्षेपणास्त्रांनी पेटलं. गेलेल्या १२ जणांत त्याचे कप्तान इयान नॉर्थ होते, दर्यात आयुष्य घालवलेला नागरी माणूस. अमेरिकेच्या किंग्ज पॉइंट इथल्या व्यापारी नौवहन अकादमीचे १४२ कॅडेट दुसऱ्या महायुद्धात शिकता शिकता मारले गेले. आजही तिथे शिक्षण जवळजवळ मोफत मिळतं आणि बदल्यात काही वर्षांच्या सेवेचं बंधन असतं. आपल्याकडेही नागरी विद्यार्थ्याला फीमध्ये भरघोस सवलत द्यावी आणि त्यानं ठरावीक वर्षं राखीव यादीत राहण्याचं वचन द्यावं. कटारी अशाच राखीव दलातून आले होते.

मग सुरुवात कुठून? कारगिल युद्धानंतर राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठाची कल्पना पुढे आली, २३ मे २०१३ रोजी हरियाणातल्या बिनोला इथे पायाभरणी झाली, आणि विद्यापीठ अजून उभं राहिलेलं नाही. त्यामुळे नव्या इमारतीची मागणी करायची माझी हिंमत होत नाही. त्याची गरजही नाही. एझिमलाच्या छात्राला बी.टेक.ची पदवी मिळते ती दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची, ज्याचा समुद्राशी संबंध पुस्तकापुरता. आणि सागरी विषयांना वाहिलेलं केंद्रीय विद्यापीठ चेन्नईत बसलेलं आहे. ही पदवी भारतीय सागरी विद्यापीठानं द्यावी. त्याबरोबर नौकानयन, जहाजाचं स्थैर्य, हवामान आणि समुद्री कायदा या चार विषयांचा अभ्यासक्रम दोन्हीकडे एक करावा, आणि एक सत्र सागरी विद्यापीठाच्या निवडक विद्यार्थ्यांनी एझिमलाला, तर छात्रांनी सागरी विद्यापीठाच्या सिम्युलेटरवर काढावं. संरक्षण आणि जहाजवाहतूक या दोन मंत्रालयांच्या सचिवांनी एका करारावर सह्या केल्या तर पुढच्या जुलैतल्या तुकडीपासून हे सुरू होऊ शकतं.